दुसऱ्याच्या अक्षरात

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने सांगून संपवलं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद असं सगळं जागच्या जागी म्हणून अगदी रीतसर संपवलं, आणि समोर पाहिलं तर कॉम्प्युटरचा पडदा कोराच्या कोरा. वरच्या कोपऱ्यात एक बारीक उभी रेघ तेवढी उघडझाप करत होती. तिचे दोन्ही हात नेहमीसारखे मांडीवर पडलेले. दाराशी शिवणाच्या बाई खुर्ची टाकून कुठल्यातरी खालच्या वर्गाच्या वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "मनातल्या मनात गं बाई. आणि लिहायचं बोटाने." बाई रागावल्या नव्हत्या, हसल्याही नव्हत्या, पण तिचे कान तापले. एवढी शाळेच्या शेवटच्या वर्षात आलेली मुलगी, आणि चांगलं पानभर उत्तर एका रिकाम्या खुर्चीला सांगत बसली होती. शेजारी खुर्ची होतीच, कुणीतरी सवयीने आणून ठेवलेली. बोलताना ती अधूनमधून तिकडे बघतही होती, हे आता तिच्या लक्षात आलं. कॉम्प्युटरची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. बाकीची यंत्रं कापडाखाली झाकलेली, खिडक्या बंद, आणि डोक्यावर पंख्याची संथ कुरकुर. सगळा वर्ग वरच्या मोठ्या हॉलमध्ये ओळीने बसून हाच पेपर लिहीत होता. बाक सरकल्याचा, कुणीतरी खोकल्याचा आवाज छतातून खाली यायचा आणि पुन्हा सगळं शांत व्हायचं.

तिचे हात आणि तिचं डोकं यांची जन्मापासून बोलाचाल नाही, असं तिचे वडील म्हणत. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण वडिलांचं म्हणणं जास्त सोयीचं होतं. उजवा हात मनगटात वळून छातीशी आलेला. डाव्या हाताचं एक बोट कामाचं, तेही त्याची मर्जी असेल तेव्हा. पाय तर जन्मल्यापासून सुट्टीवरच. म्हणून चाकांची खुर्ची. जीभही जरा जड. शब्द ओढत ओढत यायचे, आणि घरचे सोडले तर बाकीच्यांना दोनदा विचारावं लागायचं, किंवा मग ते न विचारताच तिचं वाक्य आपल्या मनाने पुरं करून टाकायचे. डोकं मात्र चांगलं तल्लख. तेव्हा शाळेत पेपर ती सांगायची आणि लिहायची दुसरी. नियम असा की लिहिणारी एक वर्ग खालची हवी, म्हणजे तिला उत्तरं येत नसणार. शाळेच्या कागदावर तिला लेखनिक म्हणत. गेली काही वर्षं एकच मुलगी यायची, जाड चष्म्याची, शाईने बोट रंगलेली, तोंडाने कमी बोलणारी. सरावासाठी ती दर शनिवारी दुपारी घरीही येऊ लागली तेव्हा वडिलांनी दोघींना शेजारी शेजारी पाहून जाहीर केलं, "हे आमचे साहेब, आणि या त्यांच्या चिटणीस. साहेब नुसते सांगणार, मरमर चिटणिसांनी करायची." तेव्हापासून ती घरात साहेब आणि ती मुलगी चिटणीस. चिटणिसाला ते नाव आवडलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. ती हसली होती एवढं खरं.

यंदा कॉम्प्युटरचे सर एक दिवस वर्गात येऊन तिला इथे घेऊन आले. कळफलकावर त्यांनी भोकं पाडलेली जाड पट्टी बसवली होती. प्रत्येक कळीवर एक भोक, म्हणजे बोट थरथरलं तरी शेजारच्या कळीवर घसरायचं नाही, मनगट पट्टीवर टेकवता यायचं. शिवाय एक कळ दाबून सोडली तरी दबलेलीच राहील, पुढची सावकाश दाबता येईल, अशी सोय केली होती. शुद्धलेखन तपासणारं सगळं बंद, इंटरनेट बंद. "आता तुझं तू लिहायचं," सर म्हणाले, आणि इतके खूश दिसत होते की तीही हसली. मोठ्या बाईंनी मग आईला बोलावून सांगितलं की ही चाचणी हिने कॉम्प्युटरवर देऊन पाहावी, आणि पेपर संपल्यावर दोन्हींपैकी एक काय ते सांगावं. मोठ्या परीक्षेसाठी त्याच दिवशी कळवायचं होतं. एकदा कळवलं की बदल नाही. लेखनिक तरी, नाहीतर कॉम्प्युटर तरी. आईने घरी येताना, आणि मग भांडी आवरताना, आणि मग तिचे केस विंचरताना एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली: एवढे नव्वदाच्या घरात मार्क पडतायत, चाललंय ते चालू द्यावं. तिलाही तसंच वाटत होतं. एका बोटाने पेपर कुठला पुरा व्हायला.

आता तिने बोट भोकात घातलं. पहिलं उत्तर जे तोंडाने मोठ्या थाटात सांगून झालं होतं ते बोटाने लिहायला घेतल्यावर कुठल्याकुठे गेलं. सांगताना वाक्य एका दमात निघायचं. इथे एक अक्षर यायचं, मग त्याची वेलांटी. जोडाक्षर असलं तर आधी पाय मोडलेलं अर्धं अक्षर पडद्यावर केविलवाणं उभं राहायचं, मग त्याला दुसरं येऊन चिकटायचं. तोवर वाक्याचं शेपूट हातातून सुटून जायचं. आणि पहिली की दुसरी वेलांटी, हे तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. चिटणीस ठरवायची. तिच्या पेपरवर शुद्धलेखनाचे मार्क पडायचे, ते खरं म्हणजे चिटणिसाचे. एकदा तर भाषेच्या बाईंनी पेपरच्या डोक्यावर लाल शाईत ‘अक्षर सुंदर’ असा शेरा मारला होता, आणि आईने तो पेपर सगळ्या नातेवाइकांना दाखवला होता. तेव्हा ती पोट धरून हसली होती. आज हसू आलं नाही. आपण इतकी वर्षं शाळेत जातोय आणि आपलं अक्षर कसं आहे हे आपल्याला माहीत नाही, असं काहीसं मनात येऊन गेलं. आता तर ते कधीच कळणार नव्हतं. कॉम्प्युटरचं अक्षर सगळ्यांचं सारखंच.

पण याहून वेगळं काहीतरी तिला टोचत होतं, आणि ते काय हे निबंधाशी येईपर्यंत तिला कळेना. उत्तर लिहिताना मध्येच ती थांबायची आणि शेजारी पाहायची. एरवी चूक होत असली की चिटणिसाची डावी भुवई बारीकशी वर जायची. बोलायचं नाही असा नियम, आणि चिटणीस नियमाची अगदी पक्की. पण भुवईला नियम कोण सांगणार? भुवई वर गेली की ती वाक्य फिरवायची. हात दुखायला लागला की चिटणीस ओठ मुडपायची. मग इकडे उत्तर आखूड व्हायचं. कठीण शब्द आला की चिटणिसाचं पेन क्षणभर अडायचं, मग इकडून सोपा शब्द यायचा. हे सगळं इतकं मुकाट्याने चालायचं की आपण असं करतो हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आज समोर ना भुवई, ना ओठ, ना पेन. नुसता पडदा. तो काहीही मुकाट्याने घेत होता, चूक, बरोबर, अर्धवट, सगळं. तिला एकदम फार एकटं वाटलं. तसं पाहिलं तर ती जन्मात कधी एकटी राहिली नव्हती. कुणीतरी उचलायला, कुणीतरी भरवायला, कुणीतरी पान उलटायला. घरातल्या कुठल्याही खोलीत ती असली तर दुसरं कुणी असायचंच, आणि त्या दुसऱ्याला कंटाळा येऊ नये याची काळजी तिची असायची. ती हसतमुख आहे असं सगळे म्हणत. हसतमुख नसून चालणार होतं कुठे?

निबंधाला तीन विषय होते. पहिले दोन तिने वाचून सोडून दिले. तिसरा होता, माझी मैत्रीण.

तो विषय तिच्या ओळखीचा होता. खालच्या वर्गात एकदा आला होता आणि तेव्हा भलतीच पंचाईत झाली होती. ज्या मुलीवर निबंध लिहायचा तीच पेन उघडून शेजारी बसलेली. ‘ती शांत आहे’ असं तिने सांगितलं असतं तर चिटणिसाला स्वतःलाच शांत म्हणून लिहावं लागलं असतं, आणि ‘ती फारशी बोलत नाही, कधीकधी मला तिचा राग येतो’ हे तर तोंडातून काढायची सोय नव्हती. मग तिने एक मैत्रीण बनवली. लांब वेण्यांची, झाडावर चढणारी, गाणारी, गावाला राहणारी. चिटणिसाने ती मैत्रीण मन लावून लिहिली. शेवटी घंटा झाल्यावर पेन बंद करता करता तिने विचारलं होतं, "ही तुझी मैत्रीण कुठे असते?" "मामाकडे," तिने थाप मारली होती. "मग सुट्टीत भेटत असाल." "हो." त्यावर चिटणीस चष्मा पुसत राहिली. पुढे कितीतरी शनिवार चिटणीस त्या मामाकडच्या मुलीची चौकशी करायची, बरी आहे ना, पत्र येतं का, आणि हिला दर वेळी नवी थाप जुळवावी लागायची. शेवटी कंटाळून तिने त्या मुलीला परगावी शिकायला धाडून दिलं. चिटणिसाला वाईट वाटलं असावं का? की बरं वाटलं? एवढ्या वर्षांत हे तिने विचारलं नव्हतं. शनिवारी विचारायच्या गोष्टी म्हणजे कुठला धडा आणि कुठला प्रश्न.

तिने बोट उचललं. म. त्यावर दोन मात्रा. त, मग त्याचा पाय मोडला, मग र. वेलांटी दुसरी, याची तिला खात्री होती. ण साठी ती दबून राहणारी कळ आधी दाबावी लागली. मैत्रीण. शब्द पुरा झाला तेव्हा वर कुणीतरी पुरवणी मागितली असावी, घाईघाईची पावलं छतावरून गेली. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे वाक्य होऊ लागलं आणि ते कुणाला सांगत नसल्यामुळे मोठं विचित्र होऊ लागलं. ‘माझ्याकडे एक मुलगी येते. ती माझी मैत्रीण आहे का ते मला माहीत नाही. ती माझा हात आहे. आपण हाताला मैत्रीण म्हणत नाही.’ इथवर येऊन ती थांबली. पट्टीवर टेकलेलं मनगट घामाने ओलं झालं होतं. शेजारी पाहायचा जुना झटका आला, आणि शेजारी कुणी नाही हे पाहून तिला आज पहिल्यांदा हायसं वाटलं. मागोमाग लाजही वाटली. ‘ती शाळेने सांगितलं म्हणून येते. शाळेने सांगितलं नसतं तर आली असती का? मी कधी विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती तर पेपर कोणी लिहिला असता?’ हे प्रश्नचिन्ह उमटलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती ज्याला भीत होती ते हेच. ती मार्कांना भीत नव्हती. चिटणीस रुसली तर आपण मुक्या होऊ, म्हणून ती दर शनिवारी गोड बोलत आली होती, आणि गोड बोलताना कुठलं खरं आणि कुठलं गरजेपोटी, हे तिचं तिलाच आता निवडता येईना. चिटणिसाचं तरी काय वेगळं असेल? पांगळ्या मुलीवर रुसायचं तरी कसं, या धाकात तीही बसत असेल बिचारी. दोघी एकमेकींशी कधी भांडल्या नव्हत्या. एकदाही नाही. मुलींच्या मैत्रीत हे काही धड लक्षण नव्हे, एवढं तिला वर्गातल्या मुलींकडे पाहून कळत होतं.

"वेळ संपली गं," शिवणाच्या बाई म्हणाल्या. जादा वेळ धरूनही संपली होती. निबंध अर्ध्यावर, मागचे दोन प्रश्न कोरे. छापून आलेली पानं बाईंनी लिफाफ्यात घातली आणि तिची खुर्ची बाहेर व्हरांड्यात आणली. आई तिथे उभीच होती. चिटणीसही होती, दप्तर पाठीला लावून. तिची आज काही गरज नव्हती तरी थांबली होती. "किती झालं?" आईने विचारलं. "अर्धं," ती म्हणाली. आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि मोठ्या बाईंना गाठायला आत गेली. आईची चाल पाहूनच कळत होतं की तिथे जाऊन काय सांगायचं ते तिचं ठरलेलं आहे.

व्हरांड्यात दोघीच उरल्या. वरचा हॉल सुटला होता. जिन्यावरून मुलींचा लोंढा गलका करत उतरत होता आणि दोघींना वळसा घालून पुढे जात होता. चिटणीस चष्मा पुसायला लागली.

"अवघड गेलं?"

"बोट दुखतंय," ती म्हणाली. चिटणिसाला तिचं बोलणं पहिल्या फटक्यात कळायचं, हे एक होतंच. "अगं, मी कॉम्प्युटर घेतला तर तू काय करशील?"

"मी?" चिटणिसाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "गणिताचा क्लास लावीन. शनिवारचाच आहे तो. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणी जातात. आई कधीची मागे लागलीय." आणि मग घाईने, "पण मला काही घाई नाही हं. तुझी परीक्षा झाल्यावर लावता येईल."

"क्लास नसता तर? नुसती आली असतीस?"

"नुसती म्हणजे?"

"म्हणजे नुसती. लिहायला नाही."

चिटणीस खरंच विचारात पडली. तिने टाळलं असतं, हो गं, का नाही, असं काहीतरी पटकन म्हणून टाकलं असतं तरी चाललं असतं. पण ती नियमाची पक्की मुलगी, प्रश्न आला की विचार करणारी. "नुसतं येऊन काय करायचं?" तिने विचारलं. त्यात उणंदुणं काही नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, आणि गंमत अशी की उत्तर हिलाही माहीत नव्हतं. मुली एकमेकींकडे नुसत्या जाऊन काय करतात? हिने कधी केलं नव्हतं, कुणी हिच्याबरोबर केलं नव्हतं. एवढ्यात आतून हाक आली.

मोठ्या बाईंच्या खोलीत आईचं सांगून झालं होतं. मोठ्या बाई मान हलवत होत्या. "आई म्हणतायत ते बरोबर आहे बाळा," त्या म्हणाल्या. "अर्धाच पेपर झाला तर कसं चालेल? हुशार मुलगी तू. आणि ही आहेच की तुझी मैत्रीण." चिटणीस दारात उभी होती. ती म्हणाली, "हो बाई, मी येईन. मला चालेल." ती मनापासून म्हणाली. अगदी मनापासून, आणि त्यानेच हिला जास्त लागलं. सगळ्यांनी मिळून वाट किती साफ करून ठेवली होती. नव्वदाच्या घरातले मार्क, दर शनिवारी दारावरची बेल, शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. तिने नुसती मान डोलवली की झालं. मान डोलवायला तर तिला कुणाची मदतही लागत नव्हती.

"कॉम्प्युटर," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" मोठ्या बाईंनी आईला विचारलं.

"ती म्हणतेय..." आईने तिच्याकडे पाहिलं. "अगं, मार्क जातील. नीट विचार कर."

"कॉम्प्युटर," तिने पुन्हा म्हटलं, आणि मग आई मध्ये बोलेल म्हणून जमेल तेवढ्या घाईने, म्हणजे सावकाशच, "मला... हिच्याबद्दल लिहायचंय. ते हिला कसं सांगू?" मोठ्या बाईंना शब्द लागले नसावेत, त्या आईकडे बघत होत्या. आईला शब्द लागले, अर्थ लागला नाही. दारातल्या चिटणिसाला दोन्ही लागलं. तिचा चेहरा लालभडक झाला. ती काहीतरी विचारणार असं वाटलं, काय लिहिणार, चांगलं की वाईट, पण विचारलं नाही. "मग मी जाऊ?" एवढंच म्हणाली. आणि जिन्याखाली वर्गातल्या मुली उभ्या होत्या त्यांच्यात जाऊन मिसळली. त्यांच्यातल्या एकीने तिच्या गळ्यात हात टाकला. तो हात असा सहज पडला, काही कारण नसताना, हे हिने लांबून पाहिलं.

घरी आईने वडिलांना झालं ते सांगितलं. वडील म्हणाले, "साहेबांनी चिटणीस बडतर्फ केले वाटतं," आणि कुणीच हसलं नाही. कॉम्प्युटरच्या सरांनी सरावासाठी एक जुनं यंत्र घरी आणून दिलं, भोकांच्या पट्टीसकट. ते खिडकीशी टेबलावर ठेवलं. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आईने तिला त्याच्यासमोर बसवलं आणि स्वतः समोरच्या बाईंकडे गेली. वडील आतल्या खोलीत झोपले. घर असं कधी शांत नसायचं. तिने यंत्र चालू केलं, पण लिहिलं काही नाही. क्लास आहे, हे तिला माहीत होतं. क्लास या वेळेलाच असतो, हेही माहीत होतं. तरी जिन्यात पावलं वाजली की तिची मान वळायची. एकदा पावलं त्यांच्याच मजल्यावर येऊन थांबली, आणि तिने तेवढ्यात मनात ठरवूनही टाकलं की आपण म्हणायचं, ये, बस, काही नको करूस. शेजारचं दार उघडलं आणि लागलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत सरकत जमिनीवर गेलं.

मग तिने मनगट पट्टीवर टेकवलं आणि लिहायला घेतलं. ‘आज शनिवार. ती आली नाही.’ एवढ्याला बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं, आणि तिच्या ध्यानात आलं की हे वाक्य आजवर तिला कधी कुणाला सांगताच आलं नसतं. ते लिहायला चिटणिसालाच यावं लागलं असतं, आणि ती आली असती तर वाक्य खोटं ठरलं असतं. ती येत नाही तेव्हा काय होतं, हे इतकी वर्षं कुठेच लिहिलं गेलं नव्हतं. तिला रडू आलं. आवाज न करता रडायचं म्हटलं तरी तिला जमत नसे, घशातून वेडावाकडा सूर निघायचा. पण वडिलांना जाग आली नाही, आणि तिने कुणाला हाक मारली नाही. गालावरचं ओघळून हनुवटीशी आलं, तिथून पट्टीवर पडलं. ते थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग पुढचं वाक्य मनात जुळवलं, आणि त्याचं पहिलं अक्षर शोधायला बोट पुढे केलं.